नाव नसलेलं पुस्तक

“ते सगळं ठीक आहे, पण ती वाचते काय?”

कोणाविषयीही बोलणं निघालं, की हातातला कप खाली ठेवून आमचे शेजारी हे विचारायचे. माझ्या मेहुण्याला मुलगी सांगून आली तेव्हाही. बायकोने मुलीचं शिक्षण, नोकरी, पुण्यातलं घर सगळं सांगितल्यावर त्यांचा प्रश्न आलाच. बायको म्हणाली, “अहो, ती ऑडिटर आहे. बॅलन्सशीट वाचते.” त्यांनी तेही गंभीरपणे ऐकून घेतलं.

स्टुटगार्टला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सांगलीचे, पुण्यात जर्मन शिकलेले, इथे पीएचडी करणारे. आमच्यासारख्या गाड्यांच्या इंजिनिअर मंडळींत त्यांचा विषय म्हणजे गंमतच होती: सुरुवातीच्या तुर्की कादंबऱ्यांतली, पुस्तकं वाचणारी पात्रं. गणपतीला कोणीतरी जर्मन ढंगात विचारायचंच, “आल्झो, पण याला स्कोप काय?”

“काही नाही,” ते म्हणायचे आणि आणखी एक मोदक घ्यायचे.

पण एकदा बोलायला लागले, की तुम्हीही मोदक विसरला असतात. त्या कादंबऱ्यांत श्रीमंताचा पोरगा फ्रेंच कादंबऱ्या वाचून स्वतःला नायक समजतो आणि त्याचं हसं होतं. मुलगी चोरून वाचते, तिला खोकला लागतो आणि ती मरते. “लेखक स्वतः पुस्तकं लिहिणारे, आणि वाचणाऱ्याचं भलं एकाच्याही हातून होत नाही,” हे सांगताना त्यांना खरोखर राग यायचा. त्या मुलींविषयी ते सख्ख्या भाचीविषयी बोलावं तसं बोलायचे.

या मायेनेच त्यांचा घात केला. पात्र जे पुस्तक वाचतं, ते आधी आपण पूर्ण वाचायचं आणि मगच त्या पात्रावर लिहायचं, असा त्यांचा नियम. “ती कशाने रडली, ते कळायला नको?” त्यासाठी फ्रेंच शिकले. त्या फ्रेंच कादंबऱ्यांतली माणसंही काहीबाही वाचत असायची, मग तीही पुस्तकं आली. मारुतीच्या शेपटासारखं काम वाढत गेलं. प्रोफेसर रिटायर झाले, स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, संपलं, व्हिसा एकदा वाढवून झाला. राहिलं फक्त शेवटचं प्रकरण.

तिथे एक मुलगी आडवी आली. आजारी, खिडकीशी बसलेली. लेखकाने लिहिलंय, की तिने हातातलं पुस्तक मिटलं. कोणतं पुस्तक, ते लिहिलेलंच नाही.

नव्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, एक तळटीप टाका आणि प्रबंध देऊन टाका. मीही जिन्यात गाठून म्हटलं, “अहो, मुदत संपतेय. नाव माहीत नाही असं लिहा आणि मोकळे व्हा.”

“तिने आयुष्यात शेवटचं वाचलेलं पुस्तक आहे ते,” ते म्हणाले. “माहीत नाही असं कसं लिहू?”

सबंध हिवाळा ते पुस्तक शोधत राहिले. मिळणार नव्हतंच. मला विचाराल तर ते लेखकाच्याही डोक्यात नसावं. मुदत गेली, आणि सांगलीला भावाच्या पाइपच्या दुकानात बसायचं ठरलं.

जायच्या आदल्या दुपारी मी वर गेलो. लायब्ररीची पुस्तकं परत करायची होती. प्रत्येकाच्या समासात त्यांची पेन्सिलीची बारीक टिपणं, आणि खुणा केलेली पुस्तकं लायब्ररी घेत नव्हती. त्यांनी एक खोडरबर माझ्या हातात दिलं.

“वाचू नका,” ते म्हणाले. “नुसतं पुसा.”

टिपणं मराठीत होती. पुसताना डोळ्यांखालून जायचीच. कुठल्या परक्या काळातल्या, मुळात नसलेल्याच मुलींविषयी कोणी इतकं हळुवार लिहू शकतं, याने मला भरून आलं. “हे उतरवून तरी घेऊ या,” मी म्हटलं.

“कोणासाठी?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी पुढचं पान पुसायला घेतलं. त्या प्रबंधाला मिळालेला वाचक मी एकटाच होतो, आणि वाचून झालेली ओळ मी लगेच पुसत होतो.