तस्नीमचा प्रवेश आणि मी लावलेली रांग

बसा, चहा टाकलाय. पण आधीच सांगून ठेवते, हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मध्ये मध्ये हसलात की मला राग येतो आणि मी गोष्ट अर्ध्यावर सोडते. अर्ध्यावर सोडली तर मी बरी शहाणी वाटते, पण आज पुरती सांगायचा विचार आहे.

तर माझा जन्म गेला खिडकीत. वीजबिलं घ्यायच्या खिडकीत. लग्नाआधी जी बसले ती रिटायर होऊनच उठले. पलीकडे रांग, मध्ये जाळी, अलीकडे मी. सुट्टे नाहीत? परत. बिल चुरगाळलंय? परत. एकदा आमचे हे घरचं बिल घेऊन मागच्या दारानं आले, तर त्यांनाही मी पुढं जाऊन रांगेत उभं राहायला लावलं. त्या दिवशी रांग पार चौकापर्यंत गेली होती. अजून दर दिवाळीला हा विषय निघतो.

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर सलीमभाई शेख राहतात. कोपऱ्यावर त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. त्यांची मुलगी तस्नीम बारावी झाली आणि म्हणाली, मला फ्रिज आणि एसीच्याच कामात बी.व्होक. करायचंय. बी.व्होक. म्हणजे काय, ते मलाही तिनंच समजावलं. तीन वर्षांची पदवीच, पण निम्मा वेळ वर्कशॉपमध्ये आणि कंपनीत हात काळे करायचे. नवीन फ्रिजमधली इलेक्ट्रॉनिक भानगड शिकायची आणि मग बापाचं दुकान चालवायचं, असं पोरीनं पक्कं ठरवलं होतं.

अर्ज तिनं ऑनलाइन भरला. पहिल्या यादीत नाव थोडक्यात हुकलं. उरलेल्या जागांसाठी कॉलेजनं स्पॉट राउंड ठेवला. म्हणजे काय, तर त्या दिवशी मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं, दुपारी एकच्या आत ती तपासून घ्यायची, आणि ज्यांची तपासून झाली त्यांच्यात मार्क बघून जागा वाटायच्या. एक वाजला की खेळ खलास. आणि सलीमभाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, की इथं नाही झालं तर सरळ बी.कॉम.ला नाव घालायचं. तस्नीम बी.कॉम. हा शब्द ऐकला की कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायची.

"वहिनी," सलीमभाई मला म्हणाले, "दुकान सोडता येत नाही आणि ऑफिसात गेलं की मला तोंड उघडायला सुचत नाही. तुम्ही जाल का हिच्याबरोबर? तुमचा जन्म गेलाय या कामात."

आता बघा, सुरुवातीची चूक सलीमभाईंची आहे. असं मला कोणी म्हणायला नको. तिच्या अर्जावर पालकांचा दुसरा नंबर म्हणून माझाच मोबाईल दिलेला होता, कारण दुकानात मशीनच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही. हा मोबाईल तेवढा लक्षात ठेवा.

सकाळी आम्ही कॉलेजात पोचलो. लांबलचक व्हरांडा, त्यात एका हॉलचं लोटलेलं दार, दारावर 'स्पॉट राउंड' असा कागद. दारापाशी एक टेबल आणि एक खुर्ची. खुर्ची रिकामी. आणि भोवती पोरं, पोरी, आया, बाप, सगळा सावळागोंधळ. कोण कुठे उभं आहे याचा पत्ता नाही.

"काकू, झेरॉक्सचा एकच सेट आणलाय. दोन लागतील का?" तस्नीमनं विचारलं.

"दोन नाही, तीन काढ," मी म्हणाले. "मी इथं थांबते."

ती गेली. मी थांबले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. समोर रिकामी खुर्ची. मी बसले. एवढंच. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

पण टेबलामागं बसलेल्या बाईला पुण्यात कोणी विचारत नाही का, की तू कोण? नाही विचारत. उलट तिलाच विचारतात.

"मॅडम, बी.व्होक.चं इथंच का?" एका मुलीनं विचारलं.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रांगेत या."

झालं. तिच्यामागं दुसरा आला, त्याच्यामागं तिसरी. बघता बघता व्हरांड्यात अशी सरळ रांग लागली, की मला भरून आलं. रिटायर झाल्यापासून अशी रांग पाहिली नव्हती हो. सगळी बिलं मोबाईलवर गेली, रांगेत उभं राहायची लोकांची सवयच मोडली.

"आत जाऊ का?" पहिल्या मुलीनं विचारलं.

"बोलावतील तेव्हा जायचं," मी म्हणाले. आत कोणी ना कोणी बोलावणारं असतंच, असा माझा समज. तोपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून तिची फाइल उघडली. "झेरॉक्सवर सह्या कुठं आहेत?"

"आहेत की. या काय."

"काळ्या शाईत? मूळ कुठलं आणि झेरॉक्स कुठलं, कळणार कसं? निळ्या शाईत करून आण."

हा नियम कॉलेजचा होता का? नव्हता. माझ्या खिडकीचा होता. पण मुलगी धावत गेली आणि मागचेही आपापल्या सह्या तपासायला लागले. गेटबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडची निळी पेनं पाऊण तासात संपली, असं मागाहून कळलं.

मध्येच एक शिपाई आला. खुर्ची त्याची होती. त्यानं मला पाहिलं, रांग पाहिली, परत मला पाहिलं.

"मोठ्या ऑफिसातून पाठवलंय का मॅडम?"

"ऑफिसातूनच आलेय," मी म्हणाले. यात खोटं काय? ऑफिसातूनच रिटायर झालेय ना मी?

"बरं झालं," तो म्हणाला आणि माझ्यासाठी कटिंग चहा ठेवून जो गेला, तो गेलाच. त्याचं काम एवढंच होतं, की येईल त्याला "आत जा" म्हणायचं. हे मला तेव्हा कुठं माहीत?

रांगेत हिंजवडीच्याही पुढच्या गावातले एक गृहस्थ होते. डोक्याला टोपी, हातात मुलीची फाइल.

"म्याडम, पोरगी पानी प्यायला गेलीय. तवर मी हुबा हाय तिच्या जागी."

"कोणाच्या जागी कोणी उभं राहायचं नाही," मी ऐकवलं. "जो रांगेतून गेला, त्याचा नंबर गेला. मागं जा."

"आवो, आत्ता येतीय की."

"आत्ता आली की आत्ता मागं उभी राहील."

बिचारे मुकाट्यानं मागं गेले. त्यांची मुलगी आल्यावर तीही त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात तस्नीम झेरॉक्स घेऊन परत आली आणि थेट टेबलाशी. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आता तुम्हीच सांगा, नवऱ्याला रांगेत उभं करणारी मी, शेजाऱ्यांच्या पोरीला पुढं घुसवीन?

"मागं जा," मी गंभीरपणे म्हणाले. "आणि सह्या निळ्या शाईत हव्यात."

"काकू?"

"इथं काकू नाही. पेन आण आणि रांगेत उभी राहा."

ती पेन आणायला गेली. बऱ्याच वेळानं परत आली, खाली वाकून हळूच म्हणाली, "काकू, एक सांगायचं होतं."

"रांगेतून बोल."

"अहो, पण ऐका तरी."

"तस्नीम, माझी इज्जत घालवू नकोस. मागं जा."

ती गेली. मला तिचा अभिमान वाटला. अशी शिस्तीची मुलं हल्ली कुठं बघायला मिळतात?

घड्याळात पाऊण वाजायला आला आणि मी पहिल्यांदा वळून दाराकडे पाहिलं. आतून अजून कोणीच कसं बोलावत नाही? म्हणून मी उठणार, तोच हॉलचं दार उघडलं आणि हातात डबा घेतलेल्या एक बाई बाहेर आल्या. मागं वळून आतल्या कोणाला तरी म्हणत होत्या, "सर, यंदा एकच मुलगी आली हो. या कोर्सला प्रतिसादच नाही." आणि मग त्यांनी समोर पाहिलं.

रांग व्हरांड्यातून जिन्यावरून खाली उतरून झाडापर्यंत गेली होती.

"ही रांग कसली?" बाईंनी विचारलं.

"प्रवेशाची," पहिली मुलगी म्हणाली. "मॅडमनी थांबवलंय."

"कुठल्या मॅडमनी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. इतका एकमुखी कारभार मी आयुष्यात पाहिला नाही.

"आपण कोण?" बाईंनी मला विचारलं. सकाळपासून हा प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती.

"पालक," मी म्हणाले. "म्हणजे, पालकांच्या शेजारी राहते."

"आणि यांना आत का सोडलं नाही?"

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"आम्ही आत सकाळपासून टेबलं मांडून बसलोय. यायचं आणि तपासून घ्यायचं. बोलवायचं काय त्यात, हळदीकुंकू आहे का?"

मी खुर्ची सोडून उभी राहिले. बाईंनी डबा परत ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, "आत्ता रांगेत आहेत त्या सगळ्यांचे कागद तपासू, कितीही वाजले तरी. नवीन कोणी घेणार नाही." रांग सरसर आत सरकायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तस्नीम रांगेत कुठंच नव्हती.

मी रांगेच्या शेवटापर्यंत गेले, परत पुढं आले. नाही. पोरीचं वर्ष मी माझ्या हातानं घालवलं होतं. सलीमभाईंना काय तोंड दाखवणार होते मी? रांगेच्या टोकाला ते टोपीवाले गृहस्थ मुलीसह उभे होते. मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले.

"माझी मुलगी आत्ता येतेय," मी म्हणाले. "तिच्या जागी उभी आहे."

ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, कुनाच्या जागी कुनी हुबं ऱ्हायचं नाय. तुमीच सांगितलंय."

माझे डोळेच भरून आले हो. ते पाहून गृहस्थ विरघळले. "आवो, चेष्टा केली. जावा, हुडका पोरीला. मी सांगतो आत, एक हाय मागं म्हनून."

हे गुडघे घेऊन मी अख्खं कॉलेज पालथं घातलं. स्टेशनरीचं दुकान, झेरॉक्स, पार्किंग. शेवटी कँटीनमध्ये बाईसाहेब सापडल्या, क्रीम रोल खात.

"तस्नीम! अगं चल, फाइल घे. मी पाया पडते त्यांच्या, पण चल."

"कशाला काकू? माझं झालं की."

"काय झालं?"

"व्हेरिफिकेशन. तुम्ही पेन आणायला पाठवलंत ना, तेव्हा पाणी प्यायला इकडे आले. त्या हॉलचं दुसरं दार इथंच उघडतं. आत सगळे नुसते बसलेले. मी विचारलं काळी शाई चालेल का, ते म्हणाले कुठलीही चालेल. पाच मिनिटांत झालं. मी एकटीच होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, रांगेतून बोल."

"अगं, मग बाकीच्यांना तरी सांगायचंस."

"मला वाटलं, तुमची रांग फीची असेल. तुम्ही इतक्या कॉन्फिडन्सनं बसला होता, काकू."

मी तिथंच बसले आणि तिचा उरलेला क्रीम रोल खाल्ला. दुपारी यादी लागली. तस्नीमचं नाव होतं, आणि त्या टोपीवाल्यांच्या मुलीचंही. त्यांनी मला लांबूनच नमस्कार केला, जवळ मात्र आले नाहीत.

संध्याकाळी सलीमभाई पेढे घेऊन वर आले. "वहिनी, तुम्ही होता म्हणून झालं."

"हो अब्बा," तस्नीम म्हणाली. "काकूंनी बाकी सगळ्यांना बाहेर धरून ठेवलं, म्हणून माझा पहिला नंबर." आमचे हे पेढा तोंडात असताना इतके हसले, की त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. मी मुद्दाम जरा जोरात मारल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही असतं असं नाही. पण पुढच्या आठवड्यात माझा मोबाईल वाजला. कॉलेजच्या त्याच बाई.

"तस्नीम शेख यांच्या पालकांचा नंबर ना हा? त्या दिवशी दारात आपणच बसला होतात का?"

मला वाटलं, चला, कोणाला तरी कदर आहे. रांगेतल्या सगळ्यांचे कागद कसे नीट लावलेले होते, ते बघितलं असणार यांनी. मी पदर सावरला. फोनवर पदर दिसत नाही हे मलाही कळतं, पण सावरला.

"हो, मीच. बोला ना."

"उद्या आमच्या दुसऱ्या कोर्सचा स्पॉट राउंड आहे," बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या. "आपण येणार नाही ना, एवढंच विचारायचं होतं."