नखाला लागलं की काच घाण

डेपोत तिला सगळे पातेवाली मावशी म्हणत. एक तर लाकडी मुठीत बसवलेलं पातं कायम तिच्या कमरेला खोचलेलं असे, आणि दुसरं म्हणजे तिचं तोंड. नवरा गेल्यापासून ती ठेकेदाराच्या माणसांत बस धुवायची. काच पुसून झाली की तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची. नखाला काही लागलं की काच घाण, पुन्हा बादली.

ड्रायव्हर वैतागायचे. "मावशी, काच आहे ती, नवरी नाही एवढी पारखायला."

"नवरी वाईट निघाली तर तुझं एकट्याचं वाटोळं. काच वाईट असली तर अख्ख्या गाडीचं."

तर अशा बाईच्या गळ्यात ते काम पडलं. वरून हुकूम आला, की बस सरकारी म्हणजे सगळ्यांची, तेव्हा केबिनमध्ये कुठल्याच धर्माचं काही दिसता कामा नये. डेपोच्या साहेबांनी तो फळ्यावर लावला आणि मावशीला काचा मोकळ्या करायला सांगून आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी युनियनच्या पुढाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत सभा घेतली. शेजारी मावशीचा जावई, हाताची घडी घालून. तोही ड्रायव्हरच. पुढारी म्हणाला, "आपले देवाचे फोटो म्हणजे काही धर्म नव्हे, ती या डेपोची रीत आहे. हुकूम लागतो तो इतरांना. पटतं त्यांनी हात वर करा."

इतरांना म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या धर्माचा ड्रायव्हर डेपोत एकच, आणि त्याच्या आरशाला एक काळा ताईत लटकायचा. भराभर हात वर गेले. तो एकटा भिंतीला टेकून दात कोरत राहिला.

"बहुमत झालं," पुढारी त्याच्याकडे बघून हसला. "लोकशाही आहे बाबा, आम्ही तरी काय करणार?"

मावशीने हात वर केला.

"सासूबाई, हात खाली," जावई खेकसला. "ठेक्यावरच्यांना मत नसतं."

"मत कोण देतंय? विचारतेय. मी काढायचं काय?"

"त्याचं तेवढं काढा, बाकी कशाला हात लावू नका."

आता तो ताईतवाला काही तिचा लाडका नव्हता. केबिनभर शेंगांची टरफलं टाकायचा. एकदा तिची भरलेली बादली लाथेने उलटवली, वर तिलाच शिव्या घातल्या. त्याचं तोंड बघितलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. पण अर्धी पुसलेली काच बघूनही तिला तसंच व्हायचं.

पहाटे गाड्या निघायच्या आधी ती कामाला लागली. कढत पाणी, रॉकेलची चिंधी, पातं. ताईत निघाला, फोटो निघाले, पुढाऱ्याच्या गाडीतली पितळी मूर्तीसुद्धा निघाली. शेवटची जावयाची गाडी. काचेवर हातभर देव. त्याला नोकरी लागली त्या दिवशी लेकीने स्वतः चिकटवलेला. तिथे तिचा हात थांबला. हा काढला तर लेकीचं दार आपल्याला बंद, हे तिला काय कळत नव्हतं? मग तिने कडेला नख लावून बघितलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली आणि पातं टेकवलं.

उजाडल्यावर एकच गिल्ला झाला. "देव खरवडले हिने!"

"खोक्यात आहेत, ज्याचा त्याने ओळखून घ्या."

जावयाने तिची बादली उचलून तिच्याच पायावर ओतली. ताईतवाला खोक्यात हात घालून आला आणि तोही तिच्यावरच उखडला. "माझी बाजू घ्यायला तुला सांगितलं होतं कोणी? काल माझा ताईत जाणार होता. आज हे सगळे मला मारायला टपलेत."

"तुझी बाजू घेतेय माझी चप्पल. आधी टरफलं उचल."

एकही गाडी बाहेर निघेना. साहेब घाम पुसत आले. "मावशी, यांचे फोटो परत लाव आणि माफी माग. विषय संपव."

"आणि याचा ताईत?"

"तो राहू दे त्याच्या खिशात."

"मग नाही जमायचं. काढायचं तर सगळ्यांचं, लावायचं तर सगळ्यांचं."

"हे ठरवणारी तू कोण?"

"काच पुसणारी."

"मग उद्यापासून पुसू नकोस."

"आणि माझ्या घराची पायरी चढू नका," जावई म्हणाला. "लेक मेली समजा."

दुपारी ती घरी निघाली. तिच्या वस्तीकडे जाणारी बस एकच, आणि ती जावयाचीच. काचेवर नवा फोटो आला होता, घाईत लावलेला, वाकडा. मावशी तिकीट काढून सगळ्यांत पुढच्या बाकावर बसली.

"उतरा. माझ्या गाडीत बसायचं नाही."

"गाडी तुझी कधी झाली, जावईबापू? आणि त्या फोटोखालून डिंक ओघळलाय. उन्हात चमकेल, समोरचं दिसायचं नाही."

कंडक्टर खिडकीबाहेर बघत बसला. जावयाने गिअर असा ओढला की उभी माणसं एकमेकांवर आदळली.

वाटेत लेकीच्या घरासमोरचा थांबा आला. लेक नेहमीसारखी नवऱ्याचा डबा घेऊन उभी होती. पुढच्या बाकावर आई दिसली तशी ती डबा वर धरून दोन पावलं धावली. जावयाने ब्रेकवर पाय ठेवलाच नाही. उपाशी राहीन, पण मायलेकींना भेटू देणार नाही, असा तो माणूस. लेक धुळीत मागे राहिली.

"अहो, थांबवा!" मागून एक म्हातारा ओरडला. "मला इथेच उतरायचं होतं!"

मावशीने मान वळवली नाही. "गप बसा आजोबा," ती म्हणाली. "तुम्हालाही मत नाही."