ऑर्तेन्सियाने चालत आणलेला सूर

म्वेंजेच्या लाकडाचा भुसा नाकात गेला की शिंक येतेच. सगळं गाव ज्यांना मामा म्हणतं त्या आल्फेऊमामांच्या शेडमध्ये ऑर्तेन्सिया मासावे तिंबिला, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं आमचं वाद्य, घडवायला शिकू लागली, त्या दिवशी ती इतकी शिंकली की मामा म्हणाले, "लाकडानं तुला ओळखलं, पोरी. आता तू त्याला ओळख."

तोवर आमच्या शेडमध्ये बायका फक्त मेण वितळवायला यायच्या. ऑर्तेन्सियाने लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. पट्टी पोटात तासली की सूर उतरतो, टोकांना तासली की चढतो, हे ती पट्ट्या वाया घालवूनच शिकली. त्या पट्ट्या चुलीत सारत मामा म्हणायचे, "आजचा भात ऑर्तेन्सियाच्या सुरावर शिजतोय." तीही हसायची आणि दुसरी पट्टी उचलायची.

मग माझुकानेहून काम आलं. तिथल्या एका वादकाचं घर वाद्यासकट जळालं होतं. बाहेरच्या गावाने आमच्या शेडकडे पहिल्यांदाच वाद्य मागितलं होतं. त्यांच्या ताफ्याचे म्होरके तितोसआजोबा जाताना म्हणाले, "आमच्या वाद्यांच्या रांगेत बसलं तर वाजवू. नाही तर कोंबड्यांना बसायला होईल. ऐकलंय, हल्ली इथं मुली लाकूड तासतात."

मामांनी मुद्दाम ते काम ऑर्तेन्सियालाच दिलं. पट्ट्या तिने घडवल्या, प्रत्येक पट्टीखाली वाळक्या फळाची करवंटी मेणाने बसवली. शेवटी सूर मात्र मामांनी स्वतः लावला. वाद्य गोड वाजू लागलं. सगळे वाहवा करत होते, ऑर्तेन्सिया मात्र पहिली पट्टीच पुन्हा पुन्हा वाजवून बघत होती.

"तोंड का आंबट झालं गं?"

"मामा, सुरेख लागलंय. पण आपल्या गावासारखं लागलंय. माझुकाने माझं आजोळ आहे. त्यांचा मूळ सूर थोडा खाली असतो."

"माझ्या कानांत खोट काढतेस?"

"खोट नाही. तुमचे कान इथले आहेत, एवढंच."

प्रत्येक गावाची रांग आपापल्या मूळ सुरावर लागते, हे मामांनीच आम्हाला शिकवलं होतं. शेवटी ते म्हणाले, "जा मग. घेऊन ये त्यांचा सूर."

ती सकाळच्या गाडीने गेली. आजोळी मूळ पट्टी वाजवून घेतली, सूर गळ्यात धरला आणि परत निघाली ती पायी. गाडीत गाणी मोठ्याने लागतात, सूर पुसून गेला असता. काजूच्या झाडांमधल्या वाळूच्या वाटेने ती गुणगुणत चालली. कुणी विचारपूस केली की नुसती मान हलवायची. कसाव्याच्या शेतातल्या बाया ओरडल्या, "काय गं, जीभ आजोळी विसरलीस की आम्ही आता बोलण्याच्या लायकीच्या नाही?" एक सायकलवाला मुद्दाम भलतंच गाणं म्हणत मागे लागला. तिने कानांत बोटं घातली आणि पळाली.

शेडमध्ये आली तेव्हा ओठ सुकले होते. पाणी नको म्हणून हात केला आणि ती मामांसमोर उभी राहिली, गुणगुणत. मामांनी पहिली पट्टी वाजवली. दोन सूर शेजारी उभे राहिले, पण मिळेनात. आम्हालाही ते ऐकू आलं. मामांनी पट्टी पुन्हा वाजवली. मग वाकस तिच्याकडे सरकवला.

"उतरव."

आता ती घोटभर पाणी प्यायली. सगळ्या पट्ट्या पोटातून तासल्या, कित्येक करवंट्या बदलून मोठ्या लावल्या. मामा बाजूला बसून नुसते शिंकत होते.

माझुकानेत नाचाच्या दिवशी तितोसआजोबा रांगेतून फिरले. प्रत्येक वाद्याची पट्टी वाजवायची, ऐकायचं, पुढे जायचं. आमची वाजवली आणि न थांबता पुढच्याकडे गेले. शाबासकी नाही, वळून बघणंही नाही. आम्ही हिरमुसलो. मामांना राहवेना.

"म्होरके, त्या नव्या वाद्यात काही जाणवलं?"

"कुठल्या?" आजोबांनी रांगेकडे पाहत विचारलं.

मामा आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. "ऐकलंत? 'कुठल्या' म्हणतोय!"

माडी पिताना त्यांनी ते शेजारच्यांना सांगितलं. परतीच्या वाटेवर कसाव्याच्या शेतातल्या बायांनाही थांबवून सांगितलं. "आमच्या ऑर्तेन्सियाचं वाद्य त्याला रांगेत वेगळं सापडेना!" बायांना काही कळलं नाही. ऑर्तेन्सिया मात्र त्यांच्यापाशी थांबली आणि त्या दिवशीचं राहिलेलं सगळं तिने बोलून घेतलं.