पासपोर्ट न काढता पाच पिरॅमिड: मुलुंड ते घाटकोपर, सोबत आई

कॉलेजची एक मैत्रीण सध्या इजिप्तला आहे. उंटावर बसून व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, ‘मरायच्या आधी एकदा तरी ये.’ मी मनात म्हटलं, बाई, मरायच्या आधी काय काय करायचं याची माझी यादी वेगळी आहे. आणि पिरॅमिडवरून तर मी ऑलरेडी पडलेय.

खरंच पडलेय. मागच्या वर्षी, घाटकोपरला, दहीहंडीला. आमचं मुलींचं गोविंदा पथक आहे. मी चौथ्या थरावर होते. वरच्या पोरीने सलामी दिली, टाळ्या पडल्या, आणि उतरताना तिचा पाय सटकून ती माझ्या मानेवर आली. कॉलरबोन गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात: ‘मानवी पिरॅमिड कोसळला, एक जखमी.’ ती एक म्हणजे मी. पण मला खटकला तो दुसराच शब्द. आठ वर्षं थर लावतेय, आमच्यात कोणीही याला पिरॅमिड म्हणत नाही. आम्ही थर म्हणतो. हा पिरॅमिड कुठून आला?

आता यंदाची प्रॅक्टिस सुरू झाली. पथकाच्या सुजाताताईचा मेसेज आला: ‘मयू, रविवारी पाचला ग्राउंडवर दिसलीस तर आहेस. नाही दिसलीस तर तुझी जागा दुसरीला देते. राग नको मानू.’

मेसेज आईने वाचला. आई अठ्ठावन्न वर्षांची, माहेर मालवणजवळचं, बालवाडीत मदतनीस होती, आता रिटायर. मुंबईत तीस वर्षं झाली, बाहेर शुद्ध बोलते, माझ्याशी मालवणीच.

“थरार गेलंस तर ह्या घरात पाय ठेवू नको,” ती म्हणाली.

मी म्हटलं ठीक आहे, थरावर नाही जात, फिरायला जाते. शनिवार-रविवार. आपल्या उपनगरात ज्याला ज्याला लोक पिरॅमिड म्हणतात ते सगळं बघून येते. रविवारी पाचच्या आत ठरवते.

“आणि पाच वाजता खंय असतलंस?”

“बघू.”

“मग मीय येतंय,” आई म्हणाली, आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या.

शनिवार सकाळ, मुलुंड

पहिला पिरॅमिड घरापासून चालत दहा मिनिटांवर. हाडाच्या डॉक्टरांचा दवाखाना, माझी शेवटची तपासणी. वेटिंगमध्ये भिंतीवर मोठा चार्ट: आहाराचा पिरॅमिड. तळाला पोळी-भात, वर भाज्या, त्याच्या वर मासे-अंडी, टोकावर तेल-साखर. आईने चष्मा लावून नीट वाचला.

“ह्यात नवीन काय? तळाक भात, वर इल्लोसो मासो. मासो महाग झाल्यापासून आमच्या ताटात ह्योच पिरॅमिड असा.”

शेजारी पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसलेले काका इतके हसले की नर्सने आत डोकावून बघितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. हाड जुळलंय म्हणाले. आई लगेच पुढे सरकली. “म्हणजे थर लावायचे नाहीत, बरोबर ना डॉक्टर?” डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. “हाड माझं काम होतं, ते झालं. बाकी तुमच्या घरातलं तुम्ही बघा.” बाहेर आल्यावर आई म्हणाली, “ह्यो डॉक्टर बरो नाय.” अकरा महिने तिला तोच डॉक्टर देवमाणूस वाटत होता.

शनिवार दुपार, अंधेरी

जायचं कसं: मुलुंडहून एलबीएस मार्गाने बस, घाटकोपरला उतरून मेट्रो. शनिवारी दुपारी बसायला जागा मिळते. एसीत आईला थंडी वाजते, तुमच्या आईलाही वाजत असेल तर शाल घ्या.

अंधेरी पूर्वेला एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘बिझनेस सेमिनार’ होता. शेजारच्या वैनींनी आईला तीन वेळा बोलावलं होतं. नाश्ता फुकट. कांदेपोहे चांगले होते, मी खोटं बोलणार नाही.

ब्लेझर घातलेला, माझ्याच वयाचा एक जण फळ्यासमोर आला. वर एक गोल काढला, त्याखाली दोन, त्याखाली चार, त्याखाली आठ. मग आमच्याकडे वळला. “काही लोक याला पिरॅमिड म्हणतात. हा पिरॅमिड नाही.” कोणी काही म्हणालंच नव्हतं. मी वहीत टिक केली: पिरॅमिड नंबर दोन.

टेबलावर शाम्पूच्या बाटल्या मांडून तो रंगात आला होता. खालच्यांनी मेहनत करायची, वर सरकत राहायचं, एकदा टोकाला पोचलात की लाइफ सेट. आईने बालवाडीतल्या पोरांसारखा हात वर केला.

“दादा, हे सगळ्यात वरचे आहेत ना, ते उतरतात कसे?”

“उतरायचं कशाला काकी? वर पोचल्यावर फक्त एन्जॉय करायचं.”

“उतरायला तर लागतंच. हिला विचारा. ही चौथ्यावर होती, उतरताना पडली.”

त्याने माझ्याकडे आदराने बघितलं. “मॅडम चौथ्या लेव्हलला होत्या? कुठल्या कंपनीत?”

मला पोह्यांचा ठसका लागला. आई मात्र हसली नाही. उत्तराची वाट बघत उभीच राहिली. तो पुढच्या स्लाइडवर गेला तेव्हा तिने पर्स उचलली. “चल गो. ह्याका उतरूक येणा नाय.”

मेट्रोच्या पुलावर चढताना आईचाच प्रश्न डोक्यात होता. थरांबद्दल सगळे एकच विचारतात, किती लावले? सहा की सात? वर्तमानपत्रवाले तेच, बक्षीस देणारे तेच, नातेवाईक तेच. नीट उतरलात का, हे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, आणि तेसुद्धा शाम्पू विकणाऱ्या माणसाला.

शनिवार संध्याकाळ, बोरिवली

गुंदवलीहून मेट्रो, राष्ट्रीय उद्यानला उतरून रिक्षा, आणि मग बोरिवली पश्चिमेच्या बाजारात हवं तेवढं चाला. जुलैत छत्री हातातच ठेवा.

वास्तूच्या सामानाचं दुकान. काचेत नुसते पिरॅमिड: तांब्याचे, पितळेचे, स्फटिकाचे, आणि एक माणूस आत बसेल एवढा नळ्यांचा सांगाडा. मी विचारून आत बसले. दहा मिनिटं. पायाला मुंग्या आल्या. दुकानदार म्हणाले ती ऊर्जा. मी म्हटलं मांडी.

तोवर आई काउंटरवर. मुठीएवढा तांब्याचा पिरॅमिड तिच्या हातात.

“बेन, नैऋत्येला ठेवायचा,” दुकानदार सांगत होते. “घरातली मुलगी शांत होते, घरात टिकते.”

“मी इथेच उभी आहे काका,” मी म्हटलं. “मला ऐकू येतंय.”

आईने पैसे दिले. रस्त्यावर आल्यावर माझा आवाज चढला. “माझ्यावर उपाय करतेयस तू? चोवीस वर्षांची आहे मी.”

“तू ऐकणस नाय. तांबां तरी ऐकात.”

रात्री शिंपोलीला मावशीकडे राहिलो. मावशीने सुरमई तळली होती. दोघी बहिणी गावच्या गप्पा मारत होत्या, मी आईशी बोलत नव्हते. मावशीने सहज विचारलं, काय झालं गं हिला. आईने ताटातला काटा बाजूला काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली:

“टीव्हीवर तीनदा दाखवल्यानी. सावकाश करून. तू तीनदा पडलंस माझ्यासमोर. आणि माझे हात हय, सोफ्यार.”

ही गोष्ट मला अकरा महिन्यांत माहीत नव्हती. मी पडले एकदाच. मग बेशुद्ध, मग हॉस्पिटल. तीनदा ती पडली होती. मला सॉरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “अजून एक तुकडी दे.” मावशीने दोन दिल्या.

रविवार, देवनारवरून

सकाळी मावशीच्या हातच्या आंबोळ्या-चटणी, मग मेट्रोने उलट घाटकोपर, तिथून मानखुर्दच्या दिशेने बस. पुलावर गेल्यावर डावीकडे बघत राहिलं की दिसतो: देवनारचा कचऱ्याचा डोंगर. पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवतं, लांबून गडासारखा हिरवा, वर घारींच्या घिरट्या. माझ्या यादीत हा आधीपासून होता. या शहरातल्या सगळ्यांनी मिळून बांधलेला एकुलता एक पिरॅमिड, असं वाक्यसुद्धा मी तयार ठेवलं होतं. मी फोन वर केला.

“फोटो काढतेस?” शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं. मांडीवर डब्याची पिशवी, गोवंडीला उतरणार होत्या.

“हो. ते ना, पिरॅमिडसारखं दिसतं. इजिप्तच्या.”

त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं. “तिकडे आत राजे असतात ना? इथे तुमचं कालचं जेवण आहे. कुठून आलीस?”

“मुलुंड. पण आमचं डम्पिंग वेगळं होतं. ते बंद झालं.”

“मग आता कुठं जातं तुमचं?”

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी बादली खाली ठेवतेय.

“माझी पोरगी याच्या सावलीत बारावी झाली,” त्या म्हणाल्या. “तिचा काढ फोटो. मेरिटमध्ये आलीय, आमच्या बुद्धविहारात सत्कार केला.” आणि हसल्या, पण मस्करीत नाही.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, “काढून टाक तो.” मी डिलीट केला. म्हणून या पोस्टमध्ये चौथ्या पिरॅमिडचा फोटो नाही. आणि माझी टिप विचाराल तर, इथे टूर काढून येऊ नका. कामाने या, नाहीतर आपल्या बादलीत काय पडतं ते आधी बघा.

रविवार, पाच वाजता, घाटकोपर

साडेचारला आम्ही घाटकोपरला वडापाव खात उभ्या होतो. शाळेचं ते ग्राउंड तिथून सात मिनिटांवर. दोघींनाही माहीत होतं.

“मी चालले,” मी म्हटलं. “घरात नको घेऊस. मावशीकडे जाईन.”

आईने कागदाचा बोळा केला, कचऱ्याचा डबा सापडेपर्यंत हातात धरून चालली. ती माझ्या मागे येतेय हे मला वळून न बघताच कळलं. शाळेच्या गेटशी ती थांबली. “मी हय कट्ट्यार बसतंय. आत येवचंय नाय.”

ज्यांनी कधी थर लावले नाहीत त्यांच्यासाठी: बाकी सगळ्या पिरॅमिडांत माणूस खालून वर जातो. आमच्यात उलटं. मी सोळाव्या वर्षी आले तेव्हा हलकी होते, सगळ्यात वर एकटी उभी राहायचे. मग वजन वाढलं, पाचव्यावर. मग चौथ्यावर. दर वर्षी आपण एकेक थर खाली येतो आणि आपल्या खांद्यावर नव्या पोरी चढतात. त्याला कोणी प्रमोशन म्हणत नाही, डिमोशनही नाही.

सुजाताताईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “जाडी झालीस.”

“घरी बसवलं होतं.”

“चांगलं झालं. पहिल्या थरात जा. तिथे वजनच लागतं.”

पहिला थर म्हणजे गोल. एकमेकींच्या खांद्यात हात, मान खाली, हनुवटी छातीला. वर काय चाललंय ते कधीच दिसत नाही. लोक हंडी बघतात, आपण चिखल बघतो. पहिला पाय माझ्या खांद्यावर पडला तेव्हा जुळलेलं हाड आठवलं. दुखलं नाही. पण मला ते नेमकं कुठे आहे हे कळलं.

खाली मान घातली की फक्त पाय दिसतात. आपल्या पहिल्या थराभोवती आणखी बायका उभ्या असतात, हात वर करून. तो घेर. कोणी पडलं तर झेलायला. मी त्यांचे पाय बघत होते. अनवाणी, अनवाणी, निळे मोजे, अनवाणी. आणि मग एक तपकिरी चप्पल. डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

ती पिन मी शुक्रवारी लावून दिली होती.

“काकी, हात वर,” ताईचा आवाज. “अजून वर. वर काय बघताय, नीट उभ्या राहा.”

“बघायचं नाही तर पकडू कसं?”

पहिला थर हसला की काय होतं माहितीये? सगळा डोलारा हलतो. माझ्या शेजारची दात आवळून म्हणाली, “काकी, हसवू नका ना, मरू आम्ही.” आणि आईचा आवाज, एकदम गंभीर: “बरं बरं. गप्प.”

शिट्टी. वर सलामी झाली असणार. आता उतरणं. मी मोजत होते. पाचवी उतरली. चौथी. तिसऱ्या थरातल्या तिघी. खांद्यावरचा पाय थरथरला, मी दंड घट्ट केला, तपकिरी चप्पल अर्धं पाऊल पुढे सरकली. मग तोही पाय खांद्यावरून हलकेच निघाला आणि चिखलात टेकला.

मी मान वर केली. आईचे हात अजून वरच होते. ताई म्हणाली, “काकी, झालं, खाली घ्या.” तिने घेतले नाहीत. शेवटच्या पोरीने टी-शर्ट झटकेपर्यंत नाही.

घरी

खर्च म्हणाल तर मावशीमुळे दोघींचा पाचशेच्या आत, तांब्याचा तो पिरॅमिड सोडून. इजिप्तवालीला मी काही पाठवलं नाही.

आईने मला घरात घेतलं. तिचे दंड भरून आले होते, मी तेल लावून दिलं. ती म्हणाली, बालवाडीत पोरांना उचलताना कधी दुखले नव्हते.

तो पिरॅमिड नैऋत्येला गेला नाही. नैऋत्येला आमचं वॉशिंग मशीन आहे. सोमवारी सकाळी उठले तेव्हा तो टेबलावर होता, ताईने दिलेल्या पथकाच्या विम्याच्या फॉर्मवर ठेवलेला. रात्री मी फॉर्म कोरा सोडून झोपले होते. वारसाच्या रकान्यात आईने स्वतःचं नाव लिहिलं होतं, बालवाडीच्या गोल अक्षरात.

मी पिरॅमिड उचलायला गेले.

“राहू दे,” ती गॅसजवळून म्हणाली. “पंख्यान उडता म्हणून ठेवलंय. तुका परवानगी दिलंय असां समजू नको.”