कमी भरलेली आठ पानं

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण पडत मात्र काहीच नव्हतं. अशा दमट दिवशी डिंक धड सुकत नाही. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शिरल्या शिरल्या बाईंनी पंखा लावला, आदल्या दिवशी चिकटवलेल्या पुस्तकांवरच्या विटा उचलल्या आणि एकेकाची पाठ बोटानं दाबून पाहिली. कच्चीच. सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवण्यात गेली होती. वाचक त्यांना तोंडावर डिंकबाई म्हणत आणि त्याही खुशाल ओ देत.

पण त्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कारणानं. आयुष्यानं झोडपलेलं कोणी काउंटरशी येऊन घुटमळलं, की ग्रंथपाल मागच्या खोलीकडे बोट दाखवत. बाई मुखपृष्ठ बघत नसत, पुस्तक मिटून त्याची कड बघत. अर्ध्यात टाकलेलं पुस्तक अर्ध्यापुढं पांढरं राहतं. जीव लावून वाचलेल्याची कड शेवटपर्यंत मळते. अशी मळकी आत्मचरित्रं त्यांनी एका फळीवर वेगळी काढली होती. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एक नर्स आली होती.

"रडवणारं नको हं, बाई."

"रडू येईल," बाई म्हणाल्या, "पण वर दोन घास जास्त जातील."

घरच्या माणसापुढं मात्र त्यांची मात्रा चालत नव्हती. थोरला भाऊ इस्पितळाच्या औषधांच्या गोदामावर होता. एकदा मोजणीत माल कमी भरला, चोरी त्याच्या माथी मारली गेली आणि तो तुरुंगात गेला. नऊ वर्षांनी वरच्या कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं. त्याला चार महिने झाले, पण तो अजून जिना उतरला नव्हता. खिडकी उघडून ठेवली तरी उठून लावून घ्यायचा. आपल्या फळीवरचं एखादं पुस्तक तरी याला उभं करील, एवढीच बाईंची आशा होती.

तसं पुस्तक होतंही. खोट्या आरोपाखाली तुरुंगात सडलेल्या एका मास्तराचं, फळीवरचं सगळ्यात मळकं. फक्त त्यात एक प्रकरण होतं. मास्तराची सख्खी बहीण पहिली तीन वर्षं भेटीला फिरकतच नाही. लोक काय म्हणतील, हे एक. आणि मनातून तिलाही वाटत असतं, यानं काहीतरी केलंच असणार.

बाईही तीन वर्षं गेल्या नव्हत्या. भावाला सांगितलं होतं, तब्येत बरी नव्हती, प्रवास लांबचा. तो 'बरं' म्हणाला होता.

पान फाडणाऱ्या वाचकाला बाई चारचौघांत फैलावर घेत. त्याच बाईंनी त्या पुस्तकाची शिवण उसवली. आठ-आठ पानांच्या जुड्या एकीवर एक शिवून पुस्तक होतं, आणि ते प्रकरण नेमकं एका जुडीत मावलेलं. जुडी ड्रॉवरमध्ये गेली, बाकीचं पुन्हा शिवलं गेलं. ग्रंथपालांनाही पत्ता लागला नसता.

आठवडाभर पुस्तक भावाच्या उशाशी होतं. कड थोडी थोडी जास्त मळत होती. बाई रोज चोरून बघत आणि मनात हरखत.

आज दुपारी त्या जेवायला घरी आल्या, तर तो पुस्तक मांडीवर उघडून बसलेला.

"अगं, हे कमी भरतंय."

"काय?"

"एकशे चव्वेचाळीसनंतर एकदम एकशे त्रेपन्न. आठ पानं कमी."

"जुनं आहे दादा, गळाली असतील."

"गळाली तर दोरा सैल पडतो. हा ताठ आहे, आणि नवा कोरा." त्यानं नखानं दोरा दाखवला. "जन्मभर मालच मोजला मी. कमी भरला की विचारतात, कोणी नेला. मलाही विचारलं होतं."

आवाजात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मी काढली," त्या म्हणाल्या.

"काय होतं त्यात?"

"त्याची बहीण. भेटायला जात नाही ती."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

जिन्यावरून कोणीतरी बादली आपटत खाली गेलं. त्यानं नव्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"आजारी होती का ती?"

"नाही."

"लांब राहायची?"

"नाही, दादा."

त्यानं पुस्तक मिटलं आणि खाटेवरून बाईंकडं सरकवलं.

"लावून आण. कमी माल मी ताब्यात घेत नाही."

"वाचशील?"

"आण तर आधी," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. त्याचं ताट बाईंनी झाकून ठेवलं. स्वतः जेवल्याच नाहीत.

ग्रंथालयात परत आल्या तेव्हाही आभाळ तसंच कोंडलेलं होतं. त्यांनी ड्रॉवर उघडला, जुडी बाहेर काढली, पुस्तकाचा पांढरा दोरा कात्रीनं तोडला. ग्रंथपालांनी दारातून डोकं आत घातलं. "डिंकबाई, एक जण आलेत. धीर येईल असं काहीतरी द्या म्हणतात."

"फळीवरचं डावीकडून दुसरं द्या," बाई मान वर न करता म्हणाल्या. "माझे हात गुंतलेत."

मग त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, सुई डोळ्यांजवळ धरली, आणि दोन वेळा चुकल्यावर तिसऱ्यांदा दोरा ओवला.