जिभेवरची वडी

लांजेवार सर जीभ बाहेर काढून वर्गात शिरत आणि त्या जिभेला एक पांढरी वडी लोंबकळत असे. दोन्ही हात पसरून, मान हलवून ते दाखवत: पाहा, पडत नाही. पोरं बाकांवर लोळत हसायची. मग वडी हळूच सोडवून सर म्हणत, "चिकटली म्हणजे आत पोकळी हाय. माझ्या तोंडातलं पाणी ओढून राहिली." वडी जिभेवर असेपर्यंत त्यांना एक अक्षर बोलता येत नसे. आमच्या साकोलीच्या कॉलेजला तेवढीच शांतता लाभायची.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. वडी असायची धानाच्या तुसाची. सिहोऱ्याच्या राइस मिलमधून पोती यायची. तूस आम्लात उकळायचं, भट्टीत जाळायचं. उरायची ती सिलिकाची पांढरीशुभ्र राख. ती दाबून वड्या. मिलवाला एकदा म्हणाला, "सर, तांदूळ सोडून हा कचरा कायले नेता?" सर म्हणाले, "तांदूळ तुमी खा. मले त्याचं रिकामं घर पाह्यचं हाय."

त्या घरातल्या खोल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नसत. हवेतली वाफ मात्र गुपचूप आत जाऊन बसे. कपाटात झाकणबंद बरण्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी वेगळं मिठाचं पाणी, म्हणून प्रत्येकीतल्या हवेला वेगळी ओल. सरांनी त्यांचं बारसंच केलं होतं. सगळ्यात कोरडी ती 'बरड', सगळ्यात ओली 'तलाव' आणि मधली 'करडी', कारण करडी हे सरांचं गाव.

सरांचा सिद्धांत एवढाच, की करडीतल्या दोन वड्या सारख्या नसतात. बरडावरून आलेली तिथे अजून रिकामीच असते. तलावातून आलेली पाणी सोडायला तयार नसते. "आत्ता कुठं हाय ते नोका सांगू," सर म्हणत, "कुठून आली ते सांगा." हा प्रश्न ते विद्यार्थ्यांना विचारत, एसटीच्या कंडक्टरला विचारत. प्राचार्यांच्या नव्या जावयालाही विचारून झाला होता.

पुरावा एक्स-रे देणार होते. वडीतून किरण सोडले की फिल्मवरच्या मधल्या ठिपक्याभोवती ते थोडे विखुरतात, खळं पडतं. खोल्या भरलेल्या असल्या तर एक, रिकाम्या असल्या तर दुसरं. असं यंत्र नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होतं. कित्येक पत्रांनंतर सरांना तिथले दोन दिवस मिळाले. नऊ वर्षांचा प्रबंध करडीतल्या दोन वड्यांच्या, एक बरडावरून आलेली, एक तलावातून, दोन चित्रांसाठी अडला होता.

निघायच्या चार दिवस आधी मी पाहिलं, बरडावरून करडीत आणलेल्या वडीच्या बरणीचं झाकण सरकलेलं. बाहेर वैशाखातली लू. वडी सुकली असणार. मी हुशार माणूस! झाकण नुसतं लावून दिलं असतं, तर ती आपोआप पुन्हा सावरली असती. मी तिला दोन दिवस 'तलाव' बरणीतल्या ओलीत ठेवलं आणि गुपचूप करडीत परत आणलं. सरांना म्हटलं नाही. म्हणायचं काय, ते झाकण आधी ढिलं मीच लावलं होतं.

नागपूरला ओल्या फिल्म दोरीवर टांगल्या. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "सर, दोन्ही एकसारख्याच दिसून राहिल्या."

सरांनी त्या खिडकीशी धरल्या. उलटसुलट केल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "गभणे, ही कुठून आली?"

"बरडावरून, सर."

परतीच्या एसटीत फिल्मचं पाकीट त्यांच्या मांडीवर होतं. साकोली येईपर्यंत त्यांनी ते उघडलं नाही. प्रबंध लाल फडक्यात बांधून कपाटावर गेला. जीभ बाहेर काढून सर पुन्हा वर्गात आले नाहीत. प्रश्न तेवढा राहिला. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात, "कुठून आले, गभणे?" मी म्हणे, "घरून, सर." ते क्षणभर जास्तच पाहत. मी दहा गावांत गप्पा हाणणारा माणूस. ही एक गोष्ट तोंडातून निघेना. सर निवृत्त झाले, तरी रिकाम्या प्रयोगशाळेत शिरताना मी दाराशी थांबून मनात उत्तर जुळवत असे.

मग कळलं, सर गावी करडीत अंथरुणाला खिळलेत. गेलो. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, चहा ओतत होत्या. सर उशीला टेकले होते. म्हणाले, "कुठून आले, गभणे?"

"तलावातून, सर," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

बाईंचा हात थांबला. सर हसू लागले, खोकला येईपर्यंत. "मंग दोन्ही ओल्याकडूनच आल्या ना! सारख्याच दिसतील. राख बराबर सांगून राहिली होती, गभणे. मीच तिले खोटी समजलो." बाईंना म्हणाले, "ते लाल गाठोडं काढ जरा."

गाठ आवळली होती. सरांची बोटं तिच्यावर फिरत राहिली. मी पुढे झालो, तर म्हणाले, "राहू द्या. मी सोडतो."

तिसऱ्या दिवशी सर गेले. गाठ तशीच होती. बाईंनी मला एक डबी दिली. आत ती वडी.

कधी कधी मी ती तव्यावर तापवून, गार करून जिभेवर ठेवतो. अजून चिकटते. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "अवो, काहून गप बसले?" मी दाराकडे बघत असतो. त्या दारातून आत्ता कोणी विचारलं, कुठून आले, तर मला एक अक्षर बोलता येणार नाही.