काकींच्या कुंडीतलं पहिलं फूल

आमच्या गुरुजींच्या वर्गात एक रीत होती. उत्तर येत नसेल तर उभं राहायचं आणि ‘येत नाही, गुरुजी’ म्हणायचं. मग ते तळवा खाली दाबून बसायची खूण करत आणि उत्तर स्वतः सांगत. छडी मिळायची ती ठोकून दिलेल्या उत्तराला. चौथीनंतर वडिलांनी मला मेंढरांमागे लावायचं ठरवलं, तेव्हा लागोपाठ तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले ते हेच गुरुजी. म्हणून मी हायस्कुलात गेलो, नगरला कॉलेजात गेलो आणि बहात्तर साली वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी सही करणारंही कुणी नव्हतं.

निकालाचे पेढे घेऊन मी आधी त्यांच्याकडेच गेलो. पण त्याआधी दोन महिने त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी ‘तेच’, कूस बदलायची असली तरी ‘तेच’. मला पाहून डोळे भरले, तरी ‘तेच, तेच’. मला रानातल्या पाखरांची आणि आभाळातल्या चांदण्यांची नावं ज्यांनी शिकवली, त्यांची अशी गत झाली होती.

ओसरीवर त्यांच्या खाटेजवळ एक कुंडी होती. कुणा साहेबाच्या बंगल्यातून त्यांनी कधीकाळी एक तुकडा मागून आणून लावला होता. त्याच्या बोटाएवढ्या जाड, चार कंगोऱ्यांच्या, हात लावला तर मखमलीसारख्या लागणाऱ्या कांड्या झाल्या होत्या. पान नाही, काटा नाही. सगळे त्याला बिनकाट्याचा निवडुंग म्हणत. नऊ-दहा वर्षांत त्याला फूल कधी आलं नव्हतं. त्या साली पाऊस नव्हता, अंगणातली तुळससुद्धा वाळली. हे झाड मात्र हात धुतलेल्या पाण्यावर टम्म होतं.

गुरुजींच्या पत्नीला आम्ही सगळे काकी म्हणायचो. गुरुजींची वाचा गेली त्याच आठवड्यात काकी भैरोबाला बोलल्या होत्या, की ह्यांना बोलतं कर, माझ्या कुंडीचं पहिलं फूल तुला वाहीन. झाडाचं पहिलं फूल देवाचं, ही आमच्याकडची जुनी चाल. पण ज्याला फूलच येत नाही त्याचं फूल बोलायचं, म्हणजे काकींनी देवाला अवघडच घातलं होतं. आणि भाद्रपदात त्या झाडाला कळी आली. मुठीएवढी, फुग्यासारखी. देवानं ऐकलं, असं काकी ज्याला त्याला सांगत सुटल्या.

फूल उमललं त्या सकाळी त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायामाणसांची हजेरी घ्यायचो. कामावर जाता जाता त्यांच्याकडे वळलो, तर शेजारची म्हातारी पदरानं नाक दाबून दारात उभी.

“उंदीर मेलाय काय गं कुटं?”

“उंदीर न्हाई, फूल हाय त्ये,” काकी म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. मला म्हणाल्या, “बापू, तू झाडाचंच शिकलास न्हवं? सांग बरं, कसलं फूल हाय? भैरुबाला चालंल का?”

मी वाकलो तशा त्या ओरडल्या, “लांबून! देवाचं हाय. हुंगू नगं, हात लावू नगं.”

देवाचं फूल हुंगायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण हे फूल कुणी न हुंगताच अर्ध्या आळीत पोचलं होतं. मी दोन हात लांब उभा राहून पाहिलं. माझ्या पंज्याहून मोठी, पाच टोकांची चांदणी. फिकट पिवळी, आणि तिच्यावर सुरकुत्यांसारख्या आडव्या तांबड्या रेघा. कडेला बारीक लव. वर हिरव्या माश्या घोंघावत होत्या. मधोमध एक लहानसं कडं होतं आणि त्याच्याभोवती पांढरे ठिपके दिसत होते. ती माश्यांची अंडी होती. नाव काही सुचेना. मग जे कळत होतं ते मी मोठ्या हुरुपानं सांगितलं. झाडाला परागासाठी माश्या हव्या असतात, म्हणून ते सडक्या मांसाचा वास सोडतं. माश्यांना वाटतं मांसच आहे.

“म्हंजी माश्यास्नी बी फशिवतंय!” म्हातारी म्हणाली. “आन ह्यो बीएस्सी नाव काय सांगंना. मेंढरं राखली असती तर पाला तरी वळखाया आला असता.”

काकींचा चेहरा उतरला. “फशिवणारं फूल देवाला कसं घालू रं? आन न घालावं तर बोललेलं कुटं जातंय?”

मी त्यांना धीर द्यायला तोंड उघडलं होतं आणि देऊन बसलो होतो धास्ती. म्हणालो, “मी नगरला जाऊन कॉलेजातल्या सरांना विचारून येतो.”

“जा. तू यीस्तवर मी तोडीत न्हाई.”

वहीत चित्र काढून मी तसाच एसटीत बसलो. सर दुपारी चारला भेटले. त्यांनी चित्र उलटसुलट पाहिलं.

“देठ मोडून चीक पाहिलास?”

“नाही सर.”

“मधलं कडं उघडून?”

“नाही सर. देवाचं फूल आहे, हात लावू देत नाहीत.”

सर हसले नाहीत. “निवडुंग नव्हे, एवढं नक्की. पाचाचा हिशेब, मधलं हे कडं... रुईच्या कुळातलं दिसतं. पण फूल आणल्याशिवाय नाव सांगणार नाही.”

रुई! दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला रुईची फुलं मी डझनांनी कापली होती. तीच पाच टोकं, तसंच मधलं कडं. काकींच्या ओसरीवर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. पण खंत करायला वेळ कुठे होता? मारुतीला शनिवारी रुईच्या पानांचीच माळ घालतात. रुईचं नातलग देवाला चालणारच. नावाची गरजही नव्हती, एवढं पुरे होतं. शेवटची गाडी चुकली, रात्र मित्राच्या खोलीवर काढली. सकाळच्या एसटीत, मिरजगावला उतरेपर्यंत, ‘रुईचं नातलग आहे, देवाला चालतं’ हे वाक्य मी मनात घोकत होतो.

पोचलो तेव्हा फूल मिटून देठाला ओल्या चिंधीसारखं लोंबत होतं.

“काल सांजंपासनं मिटाया लागलं,” काकी म्हणाल्या. “म्हातारी म्हनली, घाल आता काय असंल ते. मी म्हनलं, पोरगं गेलंय इचाराया.”

मी रुईचं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“रुईचं व्हय? मंग चाललं असतं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“आणखी कळी येईल, काकी.”

“यील की. पर ती पहिली न्हवं.”

त्या फुलाचं नाव मला आठ-नऊ वर्षांनी कळलं. एका शहरात झाडांचं प्रदर्शन होतं. तिथं तसलीच कुंडी होती आणि पाटीवर लिहिलं होतं: स्टेपेलिया, मूळ आफ्रिकेतलं. लोक नाकाला रुमाल लावून पुढे सरकत होते. मी उभा राहिलो, पण सांगायचं कुणाला? तोवर गुरुजी गेले होते, न बोलताच. त्यांच्यामागून काकीही गेल्या होत्या.

मी नगरहून परतलो त्या दिवशी मात्र दोघं होते. काकी माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या आणि गुरुजींनी डावा हात उचलून कुंडीकडे बोट केलं.

“तेच?”

शेवटी सूर वर गेला होता. ते नाव विचारत होते. कूळ म्हणजे काही नाव नव्हे. दोन-तीन लॅटिन नावं माझ्या जिभेवर आली. कुठलंही ठोकलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला असता. मी खाटेच्या पायथ्याशी सरळ उभा राहिलो.

“येत नाही, गुरुजी.”

मग डाव्या हाताचा तळवा त्यांनी हळूहळू खाली दाबला. मी बसलो. आणि वर्गातल्या रीतीप्रमाणे, उत्तर सांगायला त्यांनी तोंड उघडलं. काकी तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. तांब्या तिथेच ठेवून त्या पुढे झाल्या.

“तेच,” गुरुजी म्हणाले. कपाळाची शीर ताणली गेली. “तेच... तेच...”

काकी आणि मी ऐकत बसलो.